पासंग : कै. प्रा. कुसुमावती देशपांडे यांचे स्मरण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, जुने शहर, अकोला येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या स्नेहसंमेलनात दरवर्षी ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार व्यक्तीचे स्मरण करावयाचे, तिचे गुण तरुणांपुढे ठेवावयाचे आणि मग सर्वांनी पंगतीस बसावयाचे, असा आपला जुना शिरस्ता आहे. तो मला मान्य आहे. पंगतीपुरता तर मनापासून मान्य आहे. यंदा मात्र कार्यकारी मंडळाने विषयाची निवड माझ्यावर सोपविली आणि मी थोडेसे धाडस केले. ज्या विदुषींविषयी मी आज बोलणार आहे, त्या आपल्या ज्ञातीतील नव्हत्या. हे कळताच आपल्या चिटणिसांनी अतिशय सौम्यपणे मला विचारले, "भाऊसाहेब, या बाईंचा आणि आपल्या मंडळाचा संबंध तो काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी भाषणाच्या शेवटी देईन. तोपर्यंत आपण सर्वांनी, आणि विशेषतः चिटणिसांनी, धीर धरावा अशी माझी विनंती आहे.

कै. कुसुमावती देशपांडे या पूर्वाश्रमीच्या कुसुम जयवंत. त्यांचा जन्म १० नोव्हेंबर १९०४ रोजी अमरावतीस झाला. म्हणजे आपण बसलो आहोत तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर. तो काळ डोळ्यांपुढे आणला पाहिजे. वऱ्हाड प्रांत निजामाने इंग्रजांस कायमच्या भाडेपट्ट्याने देऊन नुकती कोठे दोन वर्षे झाली होती आणि तो मध्यप्रांताला जोडला गेला होता. प्रांतात पैसा होता, कारण कापूस होता. रेल्वे होती, कारण तीही कापसासाठीच आली होती. परंतु महाविद्यालय म्हणावे असे संबंध वऱ्हाडात एकही नव्हते. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज निघाले ते १९२३ साली, आणि नागपूर विद्यापीठही त्याच वर्षीचे. तोपर्यंत वऱ्हाडातील मुलाला पुढे शिकावयाचे असेल तर त्याने बिछाना बांधून नागपूर किंवा पुण्याची गाडी धरावी, आणि मुलीने... मुलीने काय करावे हा प्रश्नच बहुतेक घरांत कोणी काढीत नसे.

अशा काळात ही मुलगी शिकण्यासाठी पुण्यास गेली. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना तिची ओळख वऱ्हाडातल्याच एका विद्यार्थ्याशी झाली. आत्माराम रावजी देशपांडे हे त्यांचे नाव, जन्म १९०१ चा, मूर्तिजापूरचा. मराठी मुक्तछंदाचे प्रवर्तक कवी 'अनिल' म्हणून पुढे महाराष्ट्राने त्यांना ओळखले. आपण नागपूरच्या गाडीत बसलो म्हणजे तासाभराच्या आत मूर्तिजापूर येते आणि नंतर अमरावतीला फाटा फुटणारे बडनेरा. त्या दोन स्थानकांमधले अंतर ते काय! पण त्या दोघांची भेट व्हावयास दोघांनाही पुण्यापर्यंत जावे लागले. विवाहापूर्वीच्या वर्षांत दोघांनी एकमेकांस लिहिलेली पत्रे 'कुसुमानिल' या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. आपल्या घरांत अजूनही काही ज्येष्ठ मंडळी या ग्रंथाचे नाव जरा आवाज खाली करूनच घेतात, असे मी पाहिले आहे. त्यांनी तो ग्रंथ वाचला असता तर आवाज खाली करण्याचे कारण उरले नसते.

१९२६ साली नागपूर विद्यापीठाची पदवी घेऊन कुसुमताई विलायतेस गेल्या. आज आपल्या ज्ञातीतील किती तरी मुलेमुली परदेशी आहेत. विमानात बसले की दुसऱ्या दिवशी आईवडिलांना पडद्यावर तोंड दिसते. त्या वेळी मुंबई बंदरातून बोटीत चढावयाचे, एडन आणि सुवेझ ओलांडावयाचे, आणि खुशालीचे पहिले पत्र घरी येऊन पोचेपर्यंत घरच्यांनी देवापुढे दिवा लावून वाट पाहावयाची, असा तो प्रवास होता. लंडनमध्ये त्या वेस्टफील्ड कॉलेजात दाखल झाल्या. हे कॉलेज हॅम्पस्टेड भागात केवळ स्त्रियांसाठी म्हणून १८८२ साली स्थापन झाले होते. लंडन विद्यापीठाने आपल्या पदव्या स्त्रियांना खुल्या केल्या त्या १८७८ साली. हा सनावळीचा तपशील मी मुद्दाम सांगतो, कारण आपली अशी समजूत असते की विलायतेत स्त्रिया पहिल्यापासूनच शिकत आल्या आणि आपणच तेवढे मागासलेले. वस्तुस्थिती तशी नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदवी देण्यास १९२० साल उजाडले. आणि केंब्रिजने तर स्त्रियांना पूर्ण मानाने पदवी दिली ती १९४८ साली, म्हणजे आपला देश स्वतंत्र झाल्यानंतर! अमरावतीची ही मुलगी लंडनमध्ये इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेत होती तेव्हा केंब्रिजच्या वर्गांत बसून तोच अभ्यास करणाऱ्या इंग्रज मुली पूर्ण मानाच्या पदवीवाचून घरी जात होत्या.

१९२९ साली त्या पदवी घेऊन परतल्या आणि त्याच वर्षी अनिलांशी त्यांचा विवाह झाला. योगायोग असा, की बालविवाहाला प्रतिबंध करणारा शारदा कायदा याच वर्षीचा. त्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले, तेव्हा देशभर धर्म बुडाल्याचा आक्रोश झाला. पंचविशीला टेकलेल्या, समुद्र ओलांडून आलेल्या, दोन विद्यापीठांच्या पदवीधर वधूचा विवाह त्या वर्षी वऱ्हाड-नागपुराकडच्या लोकांनी कोणत्या नजरेने पाहिला असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

१९३१ पासून पुढे कित्येक वर्षे नागपुरात इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापिका म्हणून त्यांनी काम केले. त्यांच्या नोकरीचा तपशील मी येथे देत नाही. प्राध्यापक पुष्कळ होतात. पदवी मिळेपर्यंत वाचणारे आणि नोकरी लागली की वाचणे थांबविणारे प्राध्यापकही पुष्कळ असतात, हे मी त्याच व्यवसायात केस पांढरे केल्यामुळे अधिकाराने सांगू शकतो. कुसुमावतींचे वाचन थांबले नाही, आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची : इंग्रजी शिकवून त्या लिहू लागल्या त्या मराठीत. 'दीपकळी', 'दीपदान', 'मोळी' हे त्यांचे कथासंग्रह. नावांवरूनच दिसते की या बाईंचे लक्ष थोरामोठ्यांच्या झुंबरांकडे नव्हते. मोळी म्हणजे डोक्यावरून रानातून आणलेली लाकडे. जुन्या शहरातल्या आमच्या पिढीला ती शब्दकोशात शोधावी लागत नाही.

आता मी त्यांच्या ज्या ग्रंथावर जरा अधिक वेळ थांबणार आहे, तो म्हणजे 'मराठी कादंबरी : पहिले शतक'. १९५३-५४ च्या सुमारास तो दोन भागांत प्रसिद्ध झाला. शंभर वर्षांतील मराठी कादंबरीचा इतिहास लिहावयाचा म्हणजे काय करावे लागते? उत्तम कादंबऱ्या वाचाव्या लागतात, हे झालेच. परंतु सामान्य आणि टाकाऊही वाचाव्या लागतात, आणि खरी कसोटी तेथे असते. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. हिंदू विधवांची दुःखे सांगण्यासाठी लिहिलेले. तेथून पुढे वळावे, तर १८६१ ची 'मुक्तामाला' आणि १८६८ ची 'मंजुघोषा' यांच्या अद्भुताच्या राज्यात शिरावे लागते. तेथे राजपुत्र आहेत, राजकन्या आहेत, संकटे आहेत, आणि संकटातून सुटका व्हावी म्हणून घडणारे योगायोग इतके आहेत की वाचणाऱ्याने मोजणे सोडून द्यावे. पुढे १८७१ चे गुंजीकरांचे 'मोचनगड', आणि मग हरिभाऊ आपटे. लंडनमध्ये इंग्रजी वाङ्मय घासूनपुसून वाचून आलेल्या बाईंना हे सारे एका वाक्यात निकालात काढता आले असते. 'इंग्रजी कादंबरीच्या हे पासंगालाही पुरणार नाही' असे म्हटले की झाले! विद्वत्ता सिद्ध, आणि वाचण्याचे श्रमही वाचले. असे म्हणणारे त्या वेळी होते आणि आजही आहेत.

त्यांनी तसे केले नाही. प्रत्येक पुस्तक ज्या काळात लिहिले गेले त्या काळात जाऊन, लिहिणाऱ्यासमोर काय होते आणि काय नव्हते हे ध्यानात घेऊन त्यांनी ते वाचले. आणि त्यांच्या समीक्षालेखांचा जो संग्रह १९५४ साली निघाला, त्याला त्यांनी नाव दिले 'पासंग'!

आपल्यापैकी कितीजणांच्या घरी अडतीचा किंवा दुकानाचा व्यवसाय होता, त्यांनी हात वर करण्याचे कारण नाही. मला चेहरे ओळखू येतात. पासंग म्हणजे काय हे त्यांना मी सांगावे असे नाही. परंतु नव्या मुलांनी विजेचे काटेच पाहिलेले आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. तराजूची दोन पारडी मुळातच समतोल नसतात. एक किंचित हलके असते. तेव्हा माल घालण्यापूर्वी त्या हलक्या पारड्यात एखादा लहानसा खडा, खापरीचा तुकडा, लोखंडाची चकती टाकून काटा मध्यावर आणावयाचा. तो तुकडा म्हणजे पासंग. त्याला स्वतःची किंमत नसते, तो मालातही मोजत नाहीत आणि वजनातही मोजत नाहीत. पण तो नसला तर पुढची सगळी मापे खोटी. मापात पाप होऊ नये म्हणून कायद्याने बाजार बांधून घेण्याची सुरुवात ज्या प्रदेशाने केली तो आपला वऱ्हाड. १८८६ साली कारंज्याचा कापूसबाजार नियमांखाली आला, आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. असा हा तराजूचा प्रदेश. त्यातल्या एका मुलीने आपल्या टीकालेखांना पासंग म्हणावे, याचा मला फार आनंद वाटतो. त्यांच्या मनात नेमके काय होते हे त्यांनाच ठाऊक. मी मात्र त्याचा अर्थ असा लावतो, की पुस्तकाचे वजन करण्यापूर्वी वाचणाऱ्याने आपले पारडे कोणीकडे कलते आहे हे पाहून घ्यावे. आपल्या जातीचा कल, शिक्षणाचा कल, पुरुष असल्याचा कल, विलायत पाहिल्याचा कल. जो असेल तो.

येथे मला एका दुसऱ्या वाचणाऱ्या बाईची आठवण सांगावयाची आहे. तिचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही. ती माझी आत्या.

आत्याबाई कुसुमावतींपेक्षा दोनच वर्षांनी लहान. जन्म याच जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी. अकराव्या वर्षी लग्न झाले, एकोणिसाव्या वर्षी कुंकू पुसले गेले, आणि ती आमच्या घरी परत आली ती कायमचीच. मला कळू लागले तेव्हा ती पन्नाशीला आली होती. शाळेत ती एक दिवसही गेली नव्हती. भावांच्या पाट्या पुसता पुसता अक्षरे शिकली असे ती म्हणे. घरात पुस्तके होती. वडिलांची कायद्याची, आजोबांच्या पोथ्या. त्यांना हात लावण्याचे तिचे धाडस नव्हते, आणि खरे सांगायचे तर तसे कोणी तिला सांगितलेही नव्हते की हात लाव. ती वाचीत असे पुड्यांचे कागद. वाण्याकडून डाळ, गूळ, हिंग, सुपारी यांच्या पुड्या येत. माल डब्यात रिकामा झाला की आत्या तो कागद हलक्या हाताने उलगडी, मांडीवर ठेवून तळव्याने सपाट करी, आणि चुलीपाशी बसून वाची. वर्तमानपत्राचा तुकडा असो, शाळेच्या वहीचे पान असो, जुन्या पंचांगाचे असो. वाचून झाले की गादीखाली ठेवी. दिवाळीच्या साफसफाईला गादी उचलली की खाली कागदांचा थर निघे आणि आम्ही मुले हसत असू.

एकदा हळदीच्या पुडीवर कोणत्या तरी कादंबरीचे पान आले. एक सून रात्री अंगणात येऊन उभी राहते, तिला काही सांगायचे असते, आणि तेथेच पान संपते. आत्याने मला बोलावले. "बाप्पा, याच्या पुढचं पान कुठी आहे, ते पाहून ये बरं." मी दहा वर्षांचा असेन. मी वाण्याकडे गेलो. त्याच्या रद्दीच्या ढिगात ते पुस्तक होते खरे, पण त्याची पाने केव्हाच निरनिराळ्या घरी हळदीमिरच्यांबरोबर गेली होती. मी हात हलवीत परत आलो. आत्या काही बोलली नाही. कित्येक दिवस ती मधूनच म्हणे, "काय सांगायचं असेल गा तिले?"

त्यानंतर मी वडिलांच्या वर्गणीवर वाचनालयातून पुस्तके आणू लागलो. मी आणलेली कादंबरी म्हणजे हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो'. हळदीच्या पुडीचे पान त्यातले नव्हते, हे पाहून आत्या आधी जरा हिरमुसली. मग तिने पुस्तक धरले ते सोडले नाही. यमूची हकीकत आपणांस ठाऊक आहे. नवरा तिला वाचायला शिकवतो, तेवढ्यापुरते तिचे जग उघडते, आणि मग तो जातो. आत्या एकादशीच्या दिवशी वाची, दुपारी वाची, कंदिलापाशी वाची. पुस्तकाची शेवटची काही पाने राहिली असताना, जेथे यमूचे केशवपन करतात, तेथे ती थांबली. पुस्तक मिटून तिने माझ्या हाती दिले. कपाळावर पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "नेऊन दे. हे मले माहीत आहे."

वाचनालयाच्या नोंदवहीत त्या पुस्तकापुढे माझ्या वडिलांचे नाव आहे. वडिलांनी ते पुस्तक आयुष्यात उघडले नाही.

याच हरिभाऊ आपट्यांच्या अध्यक्षतेखाली १९१२ साली आपल्या या अकोल्यात मराठी साहित्य संमेलन भरले होते, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. त्या वर्षी कुसुम जयवंत अमरावतीस सात वर्षांची होती आणि माझी आत्या येथे सहा-पाच वर्षांची. यमूचा जनक याच गावात आला, लोकांनी त्याचे स्वागत केले, भाषणे ऐकली. आणि पाच-सहा वर्षांनी त्याच गावातील एका घराने आपली अकरा वर्षांची मुलगी बोहल्यावर चढविली. ते घर माझे आहे, म्हणून बोलण्याचा मला अधिकार आहे. एकाच प्रांतातल्या, एकाच वयाच्या दोन मुली. बुद्धीचे म्हणाल तर मी कोणाला कमी मानणार नाही. पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकणारी बुद्धी सामान्य नसते. एकीला कोणी तरी पुण्याच्या गाडीत बसवून दिले आणि दुसरीला सासरच्या दमणीत.

कुसुमावतींच्या शेवटच्या कामांपैकी एक काम मला या संदर्भात फार बोलके वाटते. रमाबाई रानडे यांनी १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिल्या. रमाबाई अकराव्या वर्षीच रानड्यांच्या घरात आल्या, पतीकडून शिकल्या आणि त्यापायी घरातील बायकांचे टोमणे वर्षानुवर्षे सोसत राहिल्या. लंडनची पदवीधर असलेल्या कुसुमावतींनी या आठवणींचे इंग्रजी भाषांतर केले. भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९६३ साली प्रसिद्ध केले. ज्या भाषेचे शिक्षण घेण्यासाठी त्यांनी समुद्र ओलांडला, ती भाषा त्यांनी अखेरीस वापरली ती अकराव्या वर्षी लग्न झालेल्या एका मराठी मुलीची गोष्ट जगाला ऐकविण्यासाठी. मं. वि. राजाध्यक्ष यांच्यासह लिहिलेला त्यांचा मराठी वाङ्मयाचा इंग्रजी इतिहासही साहित्य अकादमीने पुढे, १९८८ साली काढला. म्हणजे इंग्रजीतून जे आणले त्याची परतफेडही केली.

नागपूर सोडून त्या पुढे दिल्लीस गेल्या आणि आकाशवाणीवर स्त्रिया व मुले यांच्या कार्यक्रमांची जबाबदारी त्यांनी सांभाळली. अनिल १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते. १९६१ साली ग्वाल्हेरच्या संमेलनाचे अध्यक्षपद कुसुमावतींकडे आले. पहिले ग्रंथकार संमेलन पुण्यास १८७८ साली भरले, आणि त्याचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती रानडे, म्हणजे रमाबाईंचे यजमान. लंडन विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या तेही १८७८. तेथपासून मोजले तर अध्यक्षाच्या खुर्चीवर पहिली स्त्री बसण्यास त्र्याऐंशी वर्षे लागली. त्यानंतरची दुसरी, दुर्गाबाई भागवत, १९७५ साली कऱ्हाडला. आणि २०२५ साली दिल्लीस ताराबाई भवाळकर अध्यक्ष झाल्या, त्या केवळ सहाव्या. ग्वाल्हेरच्या संमेलनाच्याच वर्षी, १९६१ च्या नोव्हेंबरात, कुसुमावतींचे निधन झाले. वय अवघे सत्तावन्न.

ती बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा मी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात होतो. मी ती आत्याला वाचून दाखविली. 'अमरावतीच्या' एवढे म्हणताच तिने विचारले, "आपल्या इकडची होती?" मी हो म्हटले. तिने तो कागद माझ्याकडून मागून घेतला. तो गादीखाली गेला असणार.

आता चिटणिसांच्या प्रश्नाकडे येतो.

आपल्या मंडळाच्या या वास्तूत, जिन्याखालच्या खोलीत, एक शिसवी कपाट आहे. वडीलधाऱ्यांनी पै पै जमवून घेतलेली पुस्तके त्यात आहेत. हे कपाट गेली कित्येक वर्षे बंद आहे. त्याच्यापुढे लग्नसमारंभाच्या सतरंज्या आणि मोठी पातेली रचलेली असतात. मागील बैठकीत असा विचार निघाला की ती खोली मोकळी करून भांड्यांसाठी वापरावी आणि पुस्तके कोणाला हवी असल्यास द्यावीत, नाही तर रद्दीत. कोणी वाईट हेतूने बोलले नाही. भांडी रोज लागतात हेही खरे आहे. पण रद्दी कोठे जाते हे मला दहाव्या वर्षीच कळले आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी सांगताना मला लाज वाटते. आपल्या शिष्यवृत्ती समितीपुढे एका मुलीचा अर्ज आला होता. मराठी वाङ्मय घेऊन एम. ए. करण्यासाठी तिला पुण्यास जावयाचे होते. वैद्यकी, अभियांत्रिकी, संगणक यांचे अर्ज आपण पाच मिनिटांत मंजूर करतो. तिला मात्र विचारले गेले, "यातून पुढे काय?" ती म्हणाली, "मला वाचायचे आहे." समितीतील मंडळी हसली. वधूवर परिचयपत्रिकेत प्रत्येक मुलीपुढे 'छंद : वाचन' असे आपणच छापतो, पण एखादी मुलगी ते खरेच करू म्हणाली की आपल्याला हसू येते. अर्ज नामंजूर झाला. बंधुभगिनींनो, त्या समितीत मी होतो. आयुष्यभर वाङ्मय शिकवून मी निवृत्त झालो आहे, आणि मी एक अक्षर बोललो नाही. माझे पारडे कोणीकडे कलले होते हे मला त्या रात्री घरी गेल्यावर दिसले. हा संबंध आहे, चिटणीससाहेब.

तो अर्ज पुन्हा विचारात घ्यावा असे पत्र मी अध्यक्षमहाराजांना काल दिले आहे, आणि त्यांनी तो पुढील बैठकीपुढे ठेवण्याचे मान्य केले आहे. निर्णय समितीचा, मी या वेळी गप्प बसणार नाही एवढेच सांगतो. कपाटाची एक किल्ली माझ्याकडे होती, ती मी आज येताना बरोबर आणली आहे. सतरंज्या काल आम्ही तिघा-चौघांनी बाजूला केल्या. वाळवी लागलेली पुस्तके थोडीच निघाली, बाकी सारी शाबूत आहेत. त्यांत 'पासंग' नाही, तो मिळवावा लागेल, आणि कोणाच्या माळ्यावर असल्यास कृपया मंडळास द्यावा. येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा कपाट उघडे राहील. वर्गणी नाही. मी नवी नोंदवही घेतली आहे. तिच्यात पुस्तक नेणाऱ्याने, अथवा नेणारीने, स्वतःचेच नाव लिहावे, घरातील कर्त्या पुरुषाचे नव्हे.

पंगत खोळंबली आहे असे आचाऱ्याने दोनदा दारात येऊन दाखविले, तेव्हा आपली रजा घेतो.